बऱ्या दिवसांतला दमा

दमा असलेल्या मुलाच्या घरात दिवस दोनच प्रकारचे असतात : धाप लागली तो एक आणि लागली नाही तो दुसरा. खोकला थांबला, छातीतली घरघर गेली, पोर मैदानात धावायला लागलं की पंप कपाटात जातो. ‘आता बरं आहे ना, मग उगाच सवय कशाला लावायची?’ हा प्रश्न काळजीपोटीच विचारला जातो. पण बहुतेक मुलांत दम्याचं मूळ असतं श्वासनलिकांच्या अस्तराला आलेल्या सुजेत, आणि मुलाला बरं वाटत असतानाही ती सूज टिकून राहू शकते. म्हणून मला वाटतं, दम्यावर उपचार करायचे ते बऱ्या दिवसांतच. धाप लागल्यावर धावाधाव करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

न दिसणाऱ्या या सुजेचा माग श्वासातून काढता येतो, हे तसं अलीकडचं ज्ञान. १९९१ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांना माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड आढळला. दोनच वर्षांनी दम्याच्या रुग्णांत तो जास्त असतो, हेही दिसून आलं. ॲलर्जीमुळे सूज आली की अस्तराच्या पेशी हा वायू अधिक तयार करतात. पंपातल्या स्टेरॉइडने सूज उतरली की तो कमी होतो. मोजमाप अतिसूक्ष्म : हवेच्या एक अब्ज भागांत किती भाग, असं. बारा वर्षांखालच्या मुलांत २० च्या खालचा आकडा कमी आणि ३५ च्या वरचा जास्त, असं अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०११ मध्ये सांगितलं. ब्रिटनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १६ वयाच्या मुलाची लक्षणं दम्याची असतील आणि हा आकडा ३५ किंवा त्याहून अधिक असेल, तर निदान पक्कं धरतात.

तपासणीची रीत मला फार आवडते. सुई नाही, रक्त नाही. फुप्फुसं रिकामी करायची, नळीतून खोल श्वास घ्यायचा आणि साधारण सहा सेकंद एकाच संथ गतीने, सेकंदाला ५० मिलिलिटर, हवा सोडायची. पडद्यावरचं चित्र ठरलेल्या रेषांमध्ये राहिलं की फुंकर जमली. जोरात फुंकलं तर नलिकांच्या भिंतींतून आलेला वायू जास्त हवेत पातळ होतो. नळीत थोडा अडथळा मुद्दाम ठेवलेला असतो; त्याच्या दाबाने टाळूचा मागचा मऊ भाग मिटतो आणि नाकातला वायू मिसळत नाही. फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमेट्रीत मुलाला सगळा जोर लावायला सांगतात, इथे मात्र संयम लागतो.

तरीही हा आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ॲलर्जीच्या सर्दीने तो वाढतो, पालेभाज्या किंवा बीट खाऊन आल्यावरही वाढू शकतो. आणि काही मुलांचा दमा वेगळ्या जातीचा असल्याने तो वाढतच नाही. ब्रिटनमध्ये पाचशेहून अधिक मुलांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लक्षणांच्या जोडीला हा आकडा पाहून औषध ठरवल्याने अटॅक कमी झाले नाहीत. त्याआधीच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात अटॅक येणाऱ्या मुलांचं प्रमाण घटलेलं दिसलं होतं, पण रोजच्या त्रासात फरक पडलेला नव्हता.

मला काळजी वाटते ती या आकड्याचा मुलाविरुद्ध साक्षीदार केला जाण्याची. आकडा वाढलेला दिसला की ‘पंप घेतला नाहीस ना?’ अशी उलटतपासणी सुरू होते. प्रत्यक्षात पंप रोज घेतला जात असेल, पण स्पेसरशिवाय, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याशिवाय, आणि औषध घशातच बसत असेल. घरात ओल, धूर किंवा धूळ असेल. अशा वेळी ‘पंप कसा घेतोस, दाखव बघू’ एवढं प्रेमाने म्हटलं, तर त्याच आकड्यातून मुलाच्या हिताचा संवाद सुरू होतो.

आपल्याकडे श्वासातला हा वायू मोजणारं यंत्र मोजक्याच ठिकाणी आहे, पण सूज बऱ्या दिवसांतही असू शकते ही त्याने शिकवलेली गोष्ट वापरायला यंत्र लागत नाही. रोजचा पंप, स्पेसर आणि तो वापरायला शिकवणारं माणूस, हे तालुक्याच्या गावातल्या मुलालाही मिळालंच पाहिजे. आणि पंप कमी करायचा की बंद, हे घरी परस्पर ठरवू नये. त्यासाठी मूल छान खेळत असतानाच त्याला डॉक्टरांकडे न्यावं.