खुर्चीपासून सुरुवात कर

गोरेगाव

चि. भाचीबाईस,


तू पाठवलेले तिन्ही सेट पाहिले. तुझ्या आईने फोनवर आधीच बजावलं होतं, "दादा, कौतुक कर, पण डोक्यावर बसवू नकोस." म्हणून कौतुक एका ओळीत उरकतो. ब्लेंडरमध्ये तू केलेल्या 'कौन बनेगा करोडपती'च्या सेटमधला उजेड इतका खरा आहे, की मी लाइटदादांना हाक मारायच्या बेतात होतो. पुढचं सगळं पत्र तक्रारींचं आहे.

पहिली तक्रार खुर्चीची. गोल चौथरा, काचेची जमीन, वर ट्रस, मागे एलईडीची भिंत, हे सगळं बारकाईने काढलंस आणि मधोमध कुठल्यातरी तयार संग्रहातून उचललेली ऑफिसची खुर्ची ठेवून दिलीस. अगं, त्या खेळाचा सेट म्हणजे ती खुर्चीच. बाकीचं नुसतं आवार.

हा खेळ मुळात ब्रिटनचा. सप्टेंबर १९९८ मध्ये आयटीव्हीवर सुरू झाला, सेट अँडी वॉल्म्सली यांचा. तोपर्यंत प्रश्नमंजूषा म्हटली की बहुधा समोर प्रेक्षक, मागे रंगीत भिंत, आणि स्पर्धक मेजाच्या आडोशाला उभा. वॉल्म्सलींनी त्या माणसाचा आडोसाच काढून घेतला. त्याला रिंगणाच्या मध्यावर बसवलं आणि चहूबाजूंनी माणसं बसवली. पायाखाली काच, काचेखाली उजेड. खुर्ची मुद्दाम उंच, म्हणजे पाय जमिनीला लागत नाहीत आणि निवांत रेलून बसायची सोय राहत नाही. प्रश्न लागला की दिवे वरून खाली झेपावतात, भोवती अंधार होतो, आणि रक्कम वाढेल तसा पार्श्वसंगीताचा सूर चढत जातो. घरी सोफ्यावर पोहे खाताना ज्याला उत्तर चटकन सुचतं, त्याला तिथे घाम फुटतो. वॉल्म्सलींनी खेळणाऱ्याची धाकधूक आधी ठरवली आणि तिच्याभोवती सुतारकाम केलं. तू सुतारकाम केलंस, धाकधूक राहून गेली.

पुढे हा नमुना खेळाबरोबर देशोदेशी गेला. ३ जुलै २००० ला तो आपल्याकडे आला, तेव्हा सेट उभारायचं काम आपल्या दापोलीच्या नितीन चंद्रकांत देसाईंकडे होतं. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे त्या खुर्चीवर एक कोटी जिंकला, आणि आमच्या चाळीत प्रत्येक खिडकीतून तोच एक कार्यक्रम ऐकू यायचा.

आता एक गंमत कर. तुझ्या चित्रातल्या खुर्चीत बबिताताई ताडे यांना बसव. अमरावती जिल्ह्यात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बबिताताई २०१९ साली याच खेळात एक कोटी जिंकल्या. त्यांना मनाने साडीतच बसव आणि मग बघ: पायरी किती उंच आहे, निऱ्या कुठे अडकतील, पाय कशावर टेकतील, पदर सावरताना हात स्क्रीनला लागेल का. तुझ्या तिन्ही चित्रांत मिळून एकही माणूस नाही. रिकामा सेट सगळ्यांचाच छान दिसतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच खाऊन सांगतोय. एका मराठी खेळासाठी मी उंच स्टुलं काढली होती. दिसायला फार ऐटदार. पहिल्याच दिवशी नऊवारीतल्या एक आजी खेळायला आल्या आणि त्यांना काही केल्या त्यावर चढता येईना. शेवटी सेटिंगवाल्या पोराने खोका आणून लावला, दोघांनी हात दिला, आजी बसल्या. पण आपण चढताना धडपडलो हे अख्ख्या स्टुडिओने पाहिलं, याची लाज त्यांच्या चेहऱ्यावरून पुढचा अर्धा तास गेली नाही. सोपे प्रश्न चुकल्या बिचाऱ्या. स्टूल काढताना माझ्या डोळ्यांसमोर जीन्स घातलेला बावीस वर्षांचा मुलगा होता. दोष सर्वस्वी माझा.

दुसरी तक्रार मापांची. तुझा चौथरा मी मोजला, त्यावर लग्नाची पंगत बसेल! पडद्यावर सेट मोठा दिसतो, कारण रुंद भिंगाचा कॅमेरा जवळचं लांब ढकलतो. पहिल्यांदा स्टुडिओत पाऊल टाकणारा प्रत्येक पाहुणा हेच म्हणतो, "एवढासाच?" अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तुझ्यासारखे वेडे पुष्कळ आहेत. टीव्हीवरचं दृश्य थांबवून, फरश्या मोजून, आवडत्या खेळाचा सेट घरच्या घरी उभा करतात. त्यांचं एक घेण्यासारखं आहे: ज्याचं माप ठाऊक आहे अशी एक वस्तू धरायची, खुर्चीची बैठक म्हण किंवा दाराची चौकट, आणि बाकीची मापं तिच्यावरून काढायची. तू डोळ्यांना बरं वाटेल तिथे रेघ मारलीस. आमचे मिस्त्री सुतासुताचा हिशेब ठेवायचे. तुला फुटाफुटाचा तरी ठेवता यायला हवा.

वस्तूच्या वजनाचंही तेच. 'व्हील ऑफ फॉर्च्यून' या अमेरिकन खेळाचं चक्र तू केलंस, ते पंख्यासारखं गरगर फिरतं. खरं चक्र सुमारे ११०० किलोचं आहे. खेळाडू कठड्यावरून ओणवा होऊन ते ढकलतो, त्यात त्याचं अंग हलतं, चेहरा लाल होतो, आणि ते जड धूड सावकाश मंदावतं तेव्हा घरचे श्वास रोखतात. चक्र हलकं केलंस की ती सगळी मजा गेली.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, तंबी आहे. सेट काढायच्या आधी खेळाचा नियम कागदावर लिहून काढ, आणि लबाडी करायची झाली तर कुठून करता येईल ते शोध. अमेरिकेत 'प्रेस युअर लक' नावाचा खेळ होता. अठरा चौकोनांचा फलक, त्यावर दिवा उड्या मारणार, बटण दाबलं की थांबणार. पाहणाऱ्याला वाटे, दिवा वाटेल तसा उडतोय. मायकेल लार्सन नावाचा ओहायोचा एक माणूस घरी टेप लावून तो फलक पुन्हा पुन्हा पाहत बसला आणि त्याला कळलं, उड्यांचे क्रम फक्त पाच आहेत. ते पाठ करून तो १९८४ साली खेळायला गेला आणि १,१०,२३७ डॉलर घेऊन बाहेर पडला. त्याने नियम मोडला नव्हता, पैसे द्यावे लागले. फलक करणाऱ्यांनी झगमगाटावर मेहनत घेतली, क्रमावर घेतली नाही. (हा लार्सनही तुझ्यासारखाच घरबसल्या टीव्हीला डोळे लावून बसणारा हौशी, हे तुझ्या आईला सांगू नकोस.)

वॉल्म्सलींच्या त्या सुंदर रिंगणालाही एक फट होतीच. पुढच्या फेरीची वाट पाहणारे स्पर्धक खुर्चीच्या भोवतीच बसतात. २००१ साली ब्रिटनमध्ये मेजर चार्ल्स इंग्रम दहा लाख पौंड जिंकले, आणि तिथेच बसलेल्या दुसऱ्या एका स्पर्धकाच्या खोकल्यावरून त्यांना उत्तरं कळत होती असा आरोप झाला. २००३ मध्ये कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं. तेव्हा तुझ्या नकाशात कोण कुठून कोणाला दिसतो, कोणाचा आवाज कुठे पोचतो, याच्या रेघा मारल्याशिवाय रंगाला हात लावू नकोस.

एलईडीबद्दल फार लिहीत नाही. एवढंच की कॅमेरा जवळ गेला की त्या भिंतीवर लाटा उमटतात, आणि चकचकीत जमिनीत कॅमेरामनची चप्पल दिसते. तुझ्या सेटवर कॅमेऱ्यांना उभं राहायला जागा कुठे आहे? कॅमेऱ्याची लांब दांडी, म्हणजे जिब, फिरणार कुठून? पुढच्या वेळी तेही काढून पाठव.

आणि सेट म्हणजे खर्च, हेही डोक्यातून काढ. आपल्या 'होम मिनिस्टर'ने २००४ पासून काय केलं? आदेश बांदेकर थेट लोकांच्या घरी गेले. दिवाणखाना, सोफ्यामागचं शोकेस, दारातल्या चपला, खिडकीतून डोकावणारी शेजारीण, हाच सेट. पैठणी कोणाला मिळते हे बघायला अख्खी गल्ली जमायची. खेळणाऱ्या वहिनींना तिथे धाकधूक नको होती, माहेरपण हवं होतं, आणि माहेरपणाला स्टुडिओतली काचेची जमीन कशाला लागते? माझ्या मते मराठी टीव्हीवर याहून नेमका सेट झालेला नाही. आमच्या धंद्यातले लोक याला सेट म्हणायलाच तयार नसतात, ती गोष्ट वेगळी.

तू विचारलंस, इंजिनिअरिंग सोडून या धंद्यात येऊ का. नको. दोन वर्षं राहिलीत, ती पुरी कर. भार कुठे पडतो आणि खांब का वाकतो हे तिथे शिकवतात. मला ते एक कळकट तराफा डोक्यावर कलला तेव्हा कळलं. पण संध्याकाळी लॅपटॉपपुढून ऊठ. तू सांगलीत राहतेस. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावात हौशी नाटकवाल्यांची वानवा नाही. त्यांना सेटच्या भिंतींचे फ्लॅट धरायला, खिळे ठोकायला माणूस नेहमीच कमी पडतो. महिनाभर नुसती ठोकाठोक कर, सेटला हात घालायची घाई करू नकोस. प्लायचं वजन खांद्याला कळलं की रेघ आपोआप जबाबदार होते.

नकला करायच्या सोडू नकोस, हात त्यानेच बसतो. मात्र कोणाला काम दाखवायची वेळ आली, तर दुसऱ्यांचा सेट चकचकीत करून नेऊ नकोस. ज्यांचा तो आहे त्यांच्याकडे तो आधीच आहे. स्वतः रचलेला एक खेळ ने, साधा असला तरी चालेल.

यंदा तुमच्या सोसायटीच्या गणपतीत तसा एक खेळ घे. पुठ्ठा, बांबू, भाड्याचे चार हॅलोजन आणि एक खुर्ची. मी विसर्जनाच्या आदल्या दिवशी येतोय. पहिली खेळाडू म्हणून आजीला बसव. ती न धडपडता बसली आणि तिसऱ्या प्रश्नाला तिने पदराने कपाळ पुसलं, की मग पुढचं बोलू.

तुझा,
मामा

ता. क. : आजीच्या देवघरासमोरच्या स्टुलाची उंची सोळा इंच आहे. मी मोजली आहे.