पंचनाम्यातील कारण

कारण म्हणजे काय, हे सांगताना आपल्या नैयायिकांनी कुंभाराचे उदाहरण घेतले आहे. घटापूर्वी मृत्तिका, दंड आणि चक्र ही नियमाने असतात, म्हणून ती घटाची कारणे. माती वाहून आणणारे गाढवही तेथे हजर असते, परंतु त्याच्यावाचूनही घट झाला असता, म्हणून ते ‘अन्यथासिद्ध’ ठरवून त्यांनी बाजूस सारले. कारण कोणते आणि गाढव कोणते, हा शास्त्रातील वाद आमच्या वऱ्हाडात गेली दोन दशके तहसील कचेरीच्या दफ्तरात चालू आहे, आणि तेथे त्याच्या निर्णयावर एखाद्या घराची चूल अवलंबून असते.

शेतकऱ्याने आत्महत्या केली की पंचनामा होतो, सातबारा आणि थकबाकीचा दाखला जोडला जातो, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण पात्र की अपात्र हे ठरविते. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा ही मान्य कारणे. ती शाबीत झाली तर वारसांस १ लाख रुपये, त्यांतील ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत, अशी तरतूद २००६ च्या सुमारास झाली. अमरावती विभागाच्या २००१ पासूनच्या नोंदींत सहस्रावधी माणसे पात्र आणि अपात्र या दोन रकान्यांत विभागली गेली आहेत.

‘तेवढेच कर्ज गावातील इतरांवरही होते आणि ते जिवंत आहेत, मग कर्ज हे कारण कसे?’ असा आक्षेप मी सुशिक्षितांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. एकटा दंड घट घडवीत नाही म्हणून दंडास कोणी अकारण म्हटले नाही, हे एक उत्तर झाले. परंतु कर्जावाचूनही माणसे जीव देतात, तेव्हा नैयायिकांचा ‘नियमाने’ हा शब्दही येथे पुरा पडत नाही. पॅट्रिक सपीझ या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७० साली कारणाची व्याख्याच संभाव्यतेच्या परिभाषेत मांडली: ज्याच्या असण्याने कार्याचा संभव वाढतो, आणि ती वाढ दुसऱ्या कोणत्या पूर्वीच्या घटनेची केवळ छाया नसते, ते कारण. खर्रा खाणाऱ्या प्रत्येकास कर्करोग होत नाही, तरी खर्रा निर्दोष आहे असे कोणी वैद्य म्हणत नाही.

कृषिसंशोधनात हा विचार रोजच्या व्यवहाराचा आहे. खताची परीक्षा करावयाची तर एकच वाण अनेक वाफ्यांत पेरतात, कोणत्या वाफ्यास खत द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवितात, आणि काही वाफे खतावाचून ठेवतात; मगच खताचा गुण बोलता येतो, तोही सरासरीने. मेलेल्या माणसाचा दुसरा वाफा नसतो. कर्ज नसते तर हाच इसम जगला असता काय, या प्रश्नाचे निश्चित उत्तर कोणत्याही समितीजवळ असू शकत नाही, आणि तरीही तिला एका शब्दात निकाल लिहावा लागतो.

उलट, मुलुखाविषयी पुष्कळ काही निश्चित सांगता येते. दर्यापूर-मूर्तिजापूरकडे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असते, पण जिभेला लागताच ते कळते. पिकास दिले तर काळी जमीन दगडासारखी होते. तेथील कपाशी पावसाच्या लहरीवर, आणि घर कपाशीवर. घर बुडण्याचा हा संभव आधीच माहीत असतो. पुरावा मात्र आपण मागाहून, आणि तोही विधवेकडून मागतो. मदत आधी, संभवाच्या आधारावर पोहोचली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच बाजूच्या एका घरी मी बसलो होतो. प्रकरण अपात्र ठरले होते. कारणाच्या जागी ‘घरगुती कलह’ लिहिले होते, जणू कलह आणि कर्ज या एकमेकांविरुद्ध उभ्या दोन कैफियती होत्या. बाईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले, घडी उलगडून गुडघ्यावर सारखे केले, आणि म्हणाली, ‘भांडन झालं होतं, मी नाई कुठं म्हनते? बियान्याले पैसे नव्हते म्हून झालं. ते कोनी पुसलंच नाई.’