झाकली मूठ

फेब्रुवारी 2024मध्ये अमेरिकेत एका पुठ्ठ्याच्या खोक्याचा लिलाव झाला. कॅनडातल्या रेजायना शहरातल्या एका घरात ते सापडलं होतं आणि कधीही उघडलेलं नव्हतं. आत 1979-80च्या हंगामातली आइस हॉकी खेळाडूंची कार्डं होती. 16 डबे, दर डब्यात 48 पाकिटं, दर पाकिटात 14 कार्डं. बोली 37 लाख 20 हजार डॉलरवर थांबली. एका पाकिटाला सुमारे 4,800 डॉलर पडले. नवं होतं तेव्हा हेच पाकीट शाळकरी पोरं खाऊच्या पैशांतून घेत. आपल्याकडे बबलगमबरोबर क्रिकेटपटूंचे फोटो मिळायचे, तसंच ते.

ही कार्डं ओन्टारियोतल्या लंडन गावच्या ओ-पी-ची कंपनीने काढली होती. त्या वर्षीच्या 396 कार्डांत 18 क्रमांकाचं कार्ड आइस हॉकीतला महान खेळाडू वेन ग्रेट्झकी याचं आहे. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि हे त्याचं पहिलंच कार्ड. त्याची एक निर्दोष प्रत 2021मध्ये साडेसदतीस लाख डॉलरना गेली, म्हणजे त्या अख्ख्या खोक्यापेक्षाही जास्त. पण खोक्यात ग्रेट्झकी किती आणि कशा अवस्थेत आहेत, हे घेणाऱ्याने पाहिलं नव्हतं, विकणाऱ्यानेही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपण उणेपण लपवण्याबद्दल म्हणतो. इथे मूठ खरोखरच लाखांची होती. अट एकच, ती मध्ये कोणी उघडलेली नसावी.

त्या अटीचीच ही गोष्ट.

आटपाट नगर नव्हे, एक लहानसं गाव होतं. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या सपाट मुलखातलं. चहूबाजूंनी गव्हाची शेतं, मधोमध धान्याचं उंच कोठार, एक बर्फाचं मैदान आणि एका म्हाताऱ्याचं किराण्याचं दुकान. म्हाताऱ्याने 1979 साली कार्डांचा एक डबा मागवला होता. हंगाम संपला तेव्हा 48पैकी 12 पाकिटं उरली. ती त्याने मागच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवली आणि विसरून गेला. चाळीसहून जास्त वर्षांनी फळी साफ करताना डबा हाती आला.

घरात दोन नातवंडं होती. म्हाताऱ्याने थोरल्याला सहा दिली, धाकटीला सहा दिली.

"विका, ठेवा, फोडा, तुमची मर्जी," तो म्हणाला. "पण विकलीत तर लोक ती माझ्या दुकानातली म्हणून घेतील, तेवढं लक्षात ठेवा."

नातवावर कर्ज होतं. तो वाईट मुलगा नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. एका रात्री सहा पाकिटं समोर मांडून तो विचार करत बसला. आत ग्रेट्झकी आहे की नाही, हे घेणाऱ्याला माहीत नाही. नसलेल्या पाकिटाचेही तो तेवढेच पैसे देणार. मग आधी आपणच बघितलं तर त्याचं काय जातं? जे आपल्याकडे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचं आपण काय चोरणार? मला हा युक्तिवाद फार भयंकर वाटतो, कारण तो ऐकायला अगदी सरळ आहे. मोठ्या लबाड्या बहुधा अशाच वाक्यांनी सुरू होतात.

पाकिटाचा कागद मेणाचा असतो. घड्या घालून मागच्या बाजूने गरम करून चिकटवलेला. त्याने केस वाळवायचं यंत्र लांब धरून मेण मऊ केलं आणि बोथट सुरीने घडी सोडवली. पहिल्या तीन पाकिटांत नुसती भरताड निघाली. ती त्याने जशीच्या तशी परत लावून बंद केली. चौथ्यात, अगदी शेवटी, बबलगमच्या खालीच, निळ्या चौकटीतला एडमंटन ऑयलर्सचा तो पोरगेला खेळाडू होता. नातवाचे हात कापू लागले.

बबलगम वाळून काचेसारखा झाला होता. तो त्याने हळूच बाजूला केला आणि ग्रेट्झकी काढून घेतला. पाकिटात चौदा कार्डं हवीत, म्हणून आजोबांच्या खणात पडलेल्या त्याच वर्षीच्या सुट्या कार्डांतलं एक निवडलं. सर्वांत कोरं, सर्वांत स्वच्छ असलेलं. ते बबलगमखाली ठेवून घडी पुन्हा चिकटवली. मग उरलेली दोन पाकिटंही बघून बंद केली. सकाळी सहाही पाकिटं इतकी नीट दिसत होती, की ती उघडलेली आहेत हे आजोबांनाही ओळखू आलं नसतं.

विनिपेगहून एक गृहस्थ आले. निवृत्त शिक्षक, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. 1979 साली ते नऊ वर्षांचे होते आणि त्या हिवाळ्यात घरी पाकिटांपुरतेही पैसे नव्हते. त्यांनी दुकानभर नजर फिरवली, म्हाताऱ्याशी हात मिळवला आणि काही न तपासता नातवाला मागितले तेवढे पैसे मोजले. धाकटीची सहाही पुढच्या महिन्यात न्यायचं ठरवून गेले.

त्यांना पाकिटं साठवायची नव्हती, फोडायची होती. रोज संध्याकाळी एक. मेणाचा कागद कुरकुरताना ऐकायचा आणि चौदा खेळाडू एकेक करून टेबलावर मांडायचे, एवढंच त्यांचं सुख. पहिल्या तीन संध्याकाळी आनंदात गेल्या. चौथ्या संध्याकाळी ते बराच वेळ नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात हजर झाले. आवाज चढवला नाही. खिशातून एक छोटी डबी काढून बबलगमचे तीन तुकडे गल्ल्यावर जुळवून ठेवले आणि शेजारी एक कार्ड पालथं ठेवलं.

"बबलगम चाळीस वर्षं कार्डाला टेकून राहिला तर त्याच्या पाठीवर डाग सोडतो," ते म्हाताऱ्याला म्हणाले. "आधीच्या तिन्ही पाकिटांत डाग जागच्या जागी होता. या कार्डावर काहीच नाही. मला एवढंच विचारायचं आहे, डाग पडलेलं कार्ड कुठे आहे?"

म्हाताऱ्याने कार्ड हातात घेऊन उजेडाकडे धरलं. मग वर न पाहता नातवाला म्हणाला, "घेऊन ये."

नातू आत गेला आणि प्लॅस्टिकच्या कडक वेष्टनात घातलेला ग्रेट्झकी घेऊन आला. शिक्षकांनी तो पालथा केला. पाठीवर बोटाएवढा तपकिरी पट्टा होता. बबलगमचे तुकडे त्यावर ठेवले, ते कडेला कड लागून बसले.

"तुम्हाला तर माहीतच नव्हतं आत काय आहे," नातू खालच्या आवाजात म्हणाला.

"अरे, तेच तर मी विकत घेतलं होतं," शिक्षक म्हणाले. "माहीत नसणं. ते तू आधीच खर्चून टाकलंस आणि रिकामं पाकीट मला विकलंस. आत चौदा कार्डं होती, तरी ते रिकामंच होतं."

म्हातारा आत जाऊन पैशांचं पाकीट घेऊन आला, पण शिक्षकांनी पैसे परत घेतले नाहीत. कार्ड त्यांच्या पाकिटातलं होतं, ते त्यांनी घेतलं. मग धाकटीकडे वळून म्हणाले, "बाळ, तुझ्यावर माझा राग नाही. पण तुझीही पाकिटं त्याच डब्यातली आहेत. आता ती मला घेता येणार नाहीत. यापुढे पाकीट फोडताना मी कार्ड आधी पालथं करून बघणार."

धाकटीने आपल्या पाकिटांना बोटही लावलेलं नव्हतं. गोष्टीतला हा भाग मला सर्वांत जास्त लागतो. लबाडी एकाने केली आणि बंद मुठीची किंमत दोघांचीही गेली. दुसऱ्या कोणाला काही न सांगता तिला ती लांबच्या शहरात विकता आली असती. थोरल्याने तसं सुचवलंही.

"विचारलं तर काय सांगू, दादा?" ती म्हणाली. "माझी बंद आहेत हे मला ठाऊक आहे. पण ते खरं मानायला त्यांच्याकडे आता काय आहे?"

त्या शनिवारी ती पाकिटं घेऊन बर्फाच्या मैदानावर गेली. सराव संपवून बाहेर आलेल्या पोरांना तिने बाकावर बसवलं. पाच पाकिटं पाच पोरांनी फोडली. कोणाला नावं वाचता येईनात, कोणी बबलगम खाऊन बघितला आणि थुंकला. एका पाकिटातून गॉर्डी हाव निघाला, हार्टफोर्ड संघाच्या वेषातला. कोपऱ्यात काठी टेकून उभा असलेला म्हातारा तेव्हा पुढे आला. पोरांना म्हणाला, "याचं त्या वेळी वय माहीत आहे? एक्कावन्न. पूर्ण हंगामात 80 सामने खेळला, 15 गोल केले. त्याचा शेवटचा हंगाम, आणि ग्रेट्झकीचं पहिलं कार्ड. एकाच वर्षाच्या पाकिटांत दोघं." पोरांनी ते कार्ड हातोहात फिरवलं. त्याच्या कडा लगेच मळल्या. त्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

नातू दाराशी उभा होता. धाकटीने सहावं पाकीट त्याच्यापुढे धरलं.

त्याने घडी सोडवायला नख लावलं, मग थांबला. दोन्ही हातांनी धरून त्याने कागद सर्वांसमोर मधोमध फाडला. ग्रेट्झकी त्यातही नव्हता. आत चौदा कार्डं होती आणि बबलगमखालच्या कार्डाच्या पाठीवर डाग होता.