सरपंचपदाला उभ्या राहणाऱ्या भाचीला

अहिल्यानगर

चि. ताईस,


सरपंचपदाचा फॉर्म भरायचं तू ठरवलंस, हे ऐकून मनापासून आनंद झाला. शाळेच्या नोकरीत निवडणुकीची ड्युटी अनेकदा केली, त्यातून जे कळलं ते लिहितो. निकाल नियमाप्रमाणे लागतो. गावाच्या मनात काय आहे, ते त्यात दरवेळी पुरतं उतरतंच असं नाही. हा फरक आधीच ओळखून उभी राहा.

सगळ्यात आधी कागदपत्रं. अमेरिकेत 2010 साली लिसा मर्कोव्स्की पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या प्राथमिक निवडणुकीत हरल्या. मतपत्रिकेवर नाव छापलेलं नसताना अलास्काच्या मतदारांनी ते हाताने लिहिलं आणि त्या सिनेटवर निवडून आल्या. आपल्याकडे तशी सोय नाही. छाननीत फॉर्म बाद झाला, तर अख्खं गाव तुझ्या पाठीशी असूनही तुला एक मत पडणार नाही. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नकोस. प्रत्येक दाखला, प्रत्येक सही जाणत्या माणसाकडून तपासून घे.

मग चिन्ह. 2024 च्या लोकसभेला तुतारी वाजवणारा माणूस आणि पिपाणी यांत किती घोळ झाला, ते तू पाहिलंस. साताऱ्यात तुतारीवाले शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला 37 हजारांवर मतं गेली. आपल्या नगरमध्येही पिपाणीने चाळीस हजारांवर मतं घेतली, तरी तुतारीवाले नीलेश लंके तरले. तेव्हा चिन्ह मिळालं की नुसता फ्लेक्स लावून थांबू नकोस. घरोघरी जा, नमुना मतपत्रिका हातात दे, आपलं नाव कितव्या ओळीवर आहे ते बोट ठेवून दाखव. म्हाताऱ्या माणसांकडून एकदा परत म्हणवून घे. त्यांना हेही सांग, की सरपंचाचं मत वेगळं आणि वॉर्डातल्या सदस्यांची मतं वेगळी. एक बटण दाबून लगबगीने निघणारी किती माणसं मी थांबवली असतील! ‘मावशी, अजून मतं राहिलीत,’ असं पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं.

आता आकड्यांचं. आपल्याकडे सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त हवीत असं बंधन नाही. तिरंगी लढतीत शंभरातली चाळीस मतं घेणारा सहज सरपंच होतो आणि साठ माणसांनी दुसऱ्याच कुणाला तरी पसंती दिलेली असते. 2024 च्या लोकसभेला राज्यात महाविकास आघाडी आणि महायुतीच्या मतांमध्ये एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र 30 आणि 17. अमेरिकेत 2016 साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात 28 लाखांहून जास्त मतं अधिक पडली, तरी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प झाले, कारण तिथे हिशेब राज्यांच्या प्रतिनिधींचा असतो. आपल्याकडे 2024 लाच कर्जत-जामखेडमध्ये विधानसभेचा निकाल 1,243 मतांनी लागला. दोन्ही बाजूंना सव्वा लाखाच्या वर मतं होती. एवढ्याशा फरकाने कुणी गावाचा मालक होत नाही.

‘नोटा’ला हलकं समजू नकोस. राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये आदेश काढला, की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. ती मतं देणारी माणसंही तुझ्याच गावची आहेत. त्यांना काय खुपतंय, ते जाऊन विचार.

‘बिनविरोध करून टाकू’ असं म्हणणारे तुझ्याकडे नक्की येतील. गावाने एकत्र बसून, कुणावर दडपण न आणता ठरवलं असेल तर मान दे. पण त्यात पैशाची बोली असेल तर उठून ये. नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं, तेव्हा 2021 च्या जानेवारीत आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. त्याच महिन्यात आपल्या हिवरे बाजारात तीसेक वर्षांनी मतदान झालं. पोपटराव पवारांचं काम सगळ्या राज्याला ठाऊक, तरी तेही मतदारांपुढे गेले आणि त्यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. चांगल्या कामाला मतदानाची भीती नसते, हे त्यातून शिकावं.

शेवटचं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असल्याने तू निवडून येशील आणि सदस्य मात्र समोरच्या पॅनेलचे जास्त येतील, असंही होऊ शकतं. तेव्हा मासिक सभेत भांडत बसू नकोस. मतमोजणीत वॉर्डनिहाय आकडे कळतील. ज्या वस्तीवर तुला सगळ्यात कमी मतं पडली असतील, तिथल्या पाण्याचा आणि रस्त्याचा विषय पहिल्या सभेत घे. तुला मत न देणाऱ्यांचीही तू सरपंच आहेस, हे बोलण्यापेक्षा कामातून लवकर पटतं.

आणि पडलीस तरी घरी बसू नकोस. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. तिथे उठून खर्चाचा हिशेब मागायला निवडून यावं लागत नाही.

तुझा,
मामा