लेकीचा मुक्काम

माहेरी आलेल्या लेकीला आमच्याकडं शेजारीपाजारी हटकून विचारतात, "किती दिवस हाये मुक्काम?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. नागपंचमीला, दिवाळीला, बाळंतपणाला आलेली लेक बोटं मोजून सांगते. चार दिवस, सव्वा महिना. माहेरपणाला परतीची तारीख असते, म्हणून तर ते गोड लागतं. पण दुखणं घेऊन आलेल्या लेकीनं काय सांगावं?

माझी धाकटी बहीण दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर पेठला आली. सासर पश्चिमेला डोंगरात, तिथं एसटी दिवसातून एकदा. दाजी भोसरीला कंपनीत, एका खोलीत राहणारे. आमचं गाव पुणे-नाशिक रस्त्यावर. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी चार तास यंत्राशी बांधून राहायचं. रागालोभाचा काही संबंध नव्हता. सगळं एसटीच्या वेळेनं ठरवलं. तरी गावात कुजबुज झालीच, "नवऱ्यानं टाकली काय?"

गावाला तरी का बोल लावावा? कायद्याचीही तीच रीत होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात तेविसावं कलम होतं. बापाच्या घरात लेकीला राहायचा हक्क कधी, तर ती बिनलग्नाची असेल, टाकलेली असेल, नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल किंवा विधवा असेल, तरच. संसार धड आहे पण शरीर धड नाही, अशा लेकीला त्यात जागा नव्हती. २००५ साली ते कलम काढलं आणि वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतकाच वाटा दिला.

कलम गेलं, पण मनातलं गेलं नाही. वडील वारल्यावर बहिणीनं हक्कसोड पत्रावर सही केली होती, आमच्याकडं बहुतेक बहिणी करतात तशी. त्या का करतात? भावाशी वाकडं नको, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. मग त्याच दारानं ती आजारी होऊन आत आली, तर भावानं उपकार केले असं कसं म्हणायचं? तिनं त्याचं मोल आधीच मोजलेलं असतं, तेही जमिनीच्या भावानं.

पण हक्क-हक्क म्हणताना आपण पुरुषांनी जरा थांबावं. आमचं सातगाव पठार बटाट्याचं. पडवीत बटाट्याचा ढीग आणि घरातल्या एका माणसाला बटाटा बंद, कारण त्यात पोटॅशियम फार. भाजीसुद्धा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून द्यायचं. मीठ बेतानं. दिवसाचं पाणी मापानं. ही वेगळी चूल सांभाळली माझ्या बायकोनं. त्याच दिवसांत तिची स्वतःची आई तिकडं अंथरुणाला खिळलेली होती. हक्क बहिणीचा, नाव भावाचं आणि कष्ट वहिनीचे. एका लेकीचं माहेर दुसऱ्या लेकीच्या माहेराला मोडता घालून उभं राहत असेल, तर त्याला धर्म म्हणता येत नाही. म्हणून घरात वाटणी केली. एसटीनं बरोबर जायचं ते मी. रविवारी स्वयंपाक दाजींचा. दर महिन्याला बायकोनं आठ दिवस आईकडं जायचं. आणि पाण्याचं माप बहिणीच्या स्वतःच्या हातात. डायलिसिससाठी शीर जोडलेल्या हातानं जड उचलायचं नव्हतं, पण बेण्याचे बटाटे निवडायला तिची नजर आम्हा सगळ्यांपेक्षा तेज. आयतं खाणारा माणूस आधी मनानं मरतो, हे तिचंच म्हणणं.

साडेतीन वर्षांनी एकदा तिनं विचारलं, "दादा, माझी माती कुठं करणार?" आई म्हणाली, "असं वंगाळ बोलू ने." रीत अशी की लेकीची माती सासरची. बहीण म्हणाली, "जिथं जीव जाईल तिथं करा. मेल्यावर पुन्हा गाडीत घालू नका मला." दाजींनी मान हलवली. पुढं तसंच केलं. काही पाहुण्यांनी नाकं मुरडली.

डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेत शिकून १८८६ साली परत आल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेला, त्यांना लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडं पाठवली गेली. पकिप्सी गावच्या दफनभूमीत, त्या बाईंच्या घरच्या माणसांत ती ठेवली आहे. माहेर नाही, सासर नाही, रक्ताचं नातंही नाही.

यावरून मला एवढं उमगतं. घर कुणाचं हे सातबारा सांगतो आणि लग्नपत्रिका सांगते, पण निरोगी माणसापुरतं. दुखणाईताचं घर तेच, जिथं त्याला खाटेवर पडूनसुद्धा 'नको' म्हणता येतं आणि त्याचं 'नको' बाकीचे ऐकतात. जागा सगळेच देतात. शब्दाला मान देणं जड जातं. ते जिथं होत नाही, तिथं सख्ख्या आईबापाच्या घरातही माणूस पाहुणाच राहतो.