न रोखण्याची किंमत

११ जुलै १९९५ रोजी जनरल रात्को म्लादिच याच्या बोस्नियन सर्ब फौजा स्रेब्रेनिकात शिरल्या. पूर्व बोस्नियातले हे छोटे शहर संयुक्त राष्ट्रांनी दोन वर्षांपूर्वी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले होते आणि तिथे डच शांतिसैनिक तैनात होते. फौजांनी बायका, मुले आणि म्हातारी माणसे बसमध्ये भरून बाहेर काढली; पुरुष आणि मोठे मुलगे वेगळे केले. पुढच्या काही दिवसांत सुमारे आठ हजार बोस्नियन मुस्लिम ठार मारले गेले. पुरावा हाती लागू नये म्हणून नंतर प्रेते यंत्रांनी उकरून दुसरीकडे पुरण्यात आली.

मारणारे कोण हे जगाला कळले. पण त्यांच्या अधिकाऱ्यांचे पगार आणि बढत्या सर्बियातल्या बेलग्रेडहून होत होत्या, शस्त्रे आणि पैसाही तिथूनच येत होता. मग सर्बिया हा देश दोषी धरायचा की नाही? बोस्नियाने मार्च १९९३मध्ये, म्हणजे स्रेब्रेनिका घडण्याच्या आधीच, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता. निकाल लागला २६ फेब्रुवारी २००७ रोजी. स्रेब्रेनिकात वंशसंहार झाला हे न्यायालयाने मान्य केले, पण तो सर्बियाने केला किंवा त्यात साथ दिली हे मान्य केले नाही. मात्र तो रोखण्याचे कर्तव्य सर्बियाने पाळले नाही आणि म्लादिचला युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाच्या हवाली केले नाही, असा ठपका ठेवला. भरपाई? काहीही नाही. दोष जाहीर झाला, तेवढेच पुरेसे समाधान मानण्यात आले.

बोस्नियातल्या पीडितांच्या कुटुंबांना हा निकाल विश्वासघातासारखा वाटला, आणि ते स्वाभाविक होते. तरीही माझ्या मते या निकालातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले: रोखण्याचे कर्तव्य. आणि निकालाचा सर्वांत मोठा दुबळेपणाही तिथेच आहे.

व्यक्तींना शिक्षा होते, मग देशाला कशाला कोर्टात ओढायचे, असे विचारले जाते. बोस्नियन सर्बांचा राजकीय नेता राडोवान कराजिच आणि म्लादिच दोघांनाही जन्मठेप झाली. ती व्हायलाच हवी होती. पण तिजोरी, शस्त्रागार, परराष्ट्र खाते आणि सीमा कोणा एका सेनापतीच्या खिशात नसतात. म्लादिच मे २०११मध्ये पकडला गेला तो सर्बियातच. त्याला तोवर मोकळे राहू देणारी यंत्रणा तुरुंगात टाकता येत नाही. तिच्याकडून जबाब मागायला दुसरे न्यायपीठ लागते. देशाला जबाबदार धरल्याने तिथल्या प्रत्येक नागरिकावर डाग लागत नाही. त्याच्या नावाने चालणाऱ्या सत्तेला आपल्या कृत्यांचा आणि निष्क्रियतेचा हिशेब द्यावा लागतो, एवढेच.

हा हिशेब मागताना २००७मध्ये अडचण आली ती पुराव्याच्या मोजपट्टीची. १९८६च्या निकाराग्वा खटल्यात न्यायालयाने ठरवले होते की बंडखोरांना पैसा, शस्त्रे, प्रशिक्षण दिले म्हणून त्यांचा प्रत्येक अत्याचार मदत करणाऱ्या देशाच्या माथी येत नाही. त्या विशिष्ट कृत्यावर त्याचे प्रत्यक्ष नियंत्रण दिसले पाहिजे. युगोस्लाव्हियासाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाने १९९९मध्ये संघटित फौजेबाबत एकूण नियंत्रण पुरेसे मानले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुनी, कडक कसोटी कायम ठेवली. शिवाय बेलग्रेडच्या सर्वोच्च संरक्षण परिषदेच्या कागदपत्रांतले काही भाग काळे करून सादर झाले होते; मूळ प्रती मागवण्याचा आग्रह न्यायालयाने धरला नाही. न्यायालयाचे उपाध्यक्ष अल-खसावने यांनी भिन्नमतपत्रात यावर कडक टीका केली. ज्याच्याविरुद्ध पुरावा हवा त्याच्याच कपाटात तो असेल, तर कपाट उघडायला लावणे हे न्यायालयाचेच काम आहे.

कडक कसोटीच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे. वंशसंहार हा देशावर करता येणारा सर्वांत गंभीर आरोप. तो सैल पुराव्यावर सिद्ध होऊ लागला तर शत्रुराष्ट्रे त्याचा हत्यारासारखा वापर करतील. हे मला मान्य आहे. म्हणूनच रोखण्याच्या कर्तव्याला महत्त्व येते. तिथे हेतू सिद्ध करावा लागत नाही. गंभीर धोका आहे हे देशाला कळले किंवा कळायला हवे होते, त्या क्षणी कर्तव्य सुरू होते, आणि ज्याचा प्रभाव जास्त त्याची जबाबदारी जास्त, असे न्यायालयाने २००७मध्ये स्पष्ट केले. माणसे जिवंत असताना लागू होणारा हा नियम आहे. म्हणून तो मला दोषनिश्चितीहून मोठा वाटतो.

पण पुढे न्यायालय म्हणाले: सर्बियाने प्रयत्न केले असते तर संहार टळलाच असता हे सिद्ध झालेले नाही, म्हणून भरपाई नाही. या तर्काने कर्तव्याचा कणाच मोडतो. न केलेल्या प्रयत्नाचे फळ निश्चित कसे सिद्ध करणार? हीच कोंडी डच सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये वेगळ्या रीतीने फोडली. स्रेब्रेनिकातल्या तळावरून डच सैनिकांनी बाहेर जाऊ दिलेल्या सुमारे ३५० पुरुषांना तिथेच थांबण्याची संधी मिळाली असती, तर ते वाचण्याची शक्यता १० टक्के होती, असे धरून नेदरलँड्सवर तेवढ्या प्रमाणात दायित्व टाकले. आकडा फार कमी आहे असे म्हणता येईल, मीही म्हणेन. पण तत्त्व योग्य आहे: हिरावलेल्या संधीलाही किंमत असते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे तत्त्व स्वीकारायला हवे.

ही संधी आज पुन्हा न्यायालयासमोर आहे. नोव्हेंबर २०१९मध्ये गांबियाने म्यानमारविरुद्ध दावा लावला. म्यानमारच्या लष्करी कारवाईमुळे ऑगस्ट २०१७नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिम बांगलादेशात पळाले होते. गांबियाचे स्वतःचे काहीच बिघडले नव्हते. तरी २०२२मध्ये न्यायालयाने त्याचा अधिकार मान्य केला, कारण १९४८च्या वंशसंहारविरोधी कराराचे पालन व्हावे यात प्रत्येक सदस्य देशाचे हित आहे.

मग भारत कुठे आहे? आपण १९५९मध्ये हा करार स्वीकारला, पण कलम ९ला अट घालून: आपली संमती असल्याशिवाय वाद हेगला जाणार नाही. अमेरिका आणि चीननेही अशाच अटी राखल्या आहेत. भारताची ही अट एकदा वापरलीही गेली. बांगलादेशात वंशसंहाराचा खटला होऊ घातलेले १९५ पाकिस्तानी युद्धकैदी भारताने सोपवू नयेत म्हणून पाकिस्तानने मे १९७३मध्ये याच कराराखाली हेगमध्ये दावा लावला. भारताने संमती नाकारली आणि वर्षअखेरीस पाकिस्तानने तो मागे घेतला. तेव्हाची गरज समजू शकते. पण ती अट पन्नास वर्षांनंतरही तशीच आहे. आपल्याला कोणी जाब विचारू शकत नाही, आणि म्हणून दुसऱ्याला जाब विचारण्याचा आपला नैतिक अधिकारही लंगडा राहतो.

घरातही तीच स्थिती. डिसेंबर २०१८मध्ये १९८४च्या शीखविरोधी हिंसाचारातल्या सज्जनकुमार खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ची दिल्ली, १९९३ची मुंबई, २००२चे गुजरात अशा हत्याकांडांची मालिका सांगितली आणि वंशसंहार हा आपल्या फौजदारी कायद्यात गुन्हाच नाही, ही त्रुटी तातडीने दूर करा, असे बजावले. कराराचे कलम ५ तसा कायदा करण्याची सक्ती करते. त्यानंतर आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही.

सोव्हिएत संघाने १९८९मध्ये आपली अट मागे घेतली. सार्वभौमत्व त्यामुळे बुडाले नाही. भारतानेही दोन गोष्टी कराव्यात: कलम ९वरची अट काढावी आणि वंशसंहाराचा गुन्हा देशाच्या कायद्यात आणावा, त्यात तो न रोखणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारीही असावी. रोखण्याचे कर्तव्य इतरांच्या माथी मारण्याआधी ते स्वतःवर बंधनकारक करून घेणाऱ्या देशाचेच हेगमध्ये गांभीर्याने ऐकले जाईल.