‘नाही’ आणि ‘दिसलं नाही’

जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशाने कळतं? डोळ्यांना जमीन दिसते; घड्याचं नसणं कसं दिसणार? या एवढ्याशा प्रश्नावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतकं वाद घातला. नैयायिक म्हणाले, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि पुढे अद्वैती म्हणाले, त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे वेगळं प्रमाण मानायला हवं. या वादातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांनी स्वतःवर घालून घेतलेलं एक बंधन. धर्मराजाध्वरींद्रांच्या ‘वेदान्तपरिभाषा’ या ग्रंथात ते नेमकेपणाने आलं आहे. अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून त्याचं नसणं ठरतं. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

पोटाची सोनोग्राफी शिकायला येणाऱ्या रेसिडेंटला शरीररचनेच्या पुस्तकासोबत हा वादही शिकवावा, असं मला मनापासून वाटतं. यकृतात गाठ नाही, पित्ताशयात खडा नाही, अपेंडिक्सला सूज नाही, पोटात पाणी नाही. त्याच्या हातून जे रिपोर्ट लिहिले जाणार, त्यांतली बहुतेक वाक्यं नकाराचीच असणार. त्यातला कुठला नकार उजेडात दिलेला आहे आणि कुठला अंधारात, हे फक्त प्रोब धरणाऱ्या हाताला ठाऊक असतं. रिपोर्ट वाचणाऱ्या सर्जनला ते कळायला दुसरा मार्ग नाही.

इथला उजेड म्हणजे ध्वनी. पोटासाठी तो साधारण सेकंदाला 20 ते 50 लाख कंपनांचा वापरतात. मऊ ऊतींमधून तो सेकंदाला 1540 मीटर वेगाने जातो असं यंत्र गृहीत धरतं आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून खोली मांडतं. एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला 13 मायक्रोसेकंद लागतात. यकृतातून, प्लीहेतून, भरलेल्या मूत्राशयातून हा ध्वनी चांगला जातो. हवेपाशी मात्र तो जवळजवळ सगळाच मागे फिरतो. म्हणूनच त्वचा आणि प्रोब यांच्यातली हवा घालवायला जेल लावावं लागतं. पण पोटातल्या हवेला जेल कुठून लावणार? जठर आणि आतडी बरोबर मध्यभागी बसलेली असतात, आणि वरच्या अवयवांपुढे बरगड्या आपली सावली टाकतात. चरबी साठलेलं यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा ठळकपणे पांढरं दिसतं आणि ध्वनी इतका क्षीण करतं, की त्याचा खोलवरचा भाग पडद्यावर विझत जातो. अशा यकृताच्या मागच्या भागात गाठ नाही असं लिहिणं म्हणजे अंधारातला घडा नाकारणं.

पोटात स्वादुपिंडाइतकी परीक्षा पाहणारा अवयव दुसरा नाही. ते शोधायचं तर आधी स्प्लीनिक व्हेन शोधावी. ती स्वादुपिंडाच्या पाठीला लागून आडवी जाते; ती सापडली की तिच्यापुढे जे आहे ते स्वादुपिंड. अवयव त्याच्या चेहऱ्यापेक्षा शेजाऱ्यांवरून ओळखायचा, हे सोनोग्राफीतलं शरीररचनाशास्त्र. डोकं ड्युओडेनमच्या वळणात, शरीर महारोहिणीच्या पुढून, आणि शेपटी डावीकडे प्लीहेच्या दिशेने. ही शेपटी जठराच्या मागे जाते आणि जठरात हवा असते. मग रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला लावून यकृताचा डावा भाग खाली आणायचा आणि त्याच्या विंडोतून पाहायचं. नाहीच जमलं तर पाणी प्यायला द्यायचं, म्हणजे हवेच्या जागी पाणी येतं. उठवून बसवायचं. कुशीवर वळवायचं. हे सगळं करणं म्हणजे न दिसण्याला ‘योग्य’ करत नेणं. एवढं करूनही शेपटी दिसली नाही, तर तसं लिहायचं.

पित्ताशयाची गोष्ट आणखी शिकवणारी आहे. तिथला खडा ओळखायला सोपा. ध्वनी त्यावर आपटून परततो, म्हणून पुढे चकचकीत कड आणि मागे काळी सावली. रुग्ण कुशीवर वळला की खडा घरंगळतो. पॉलिप भिंतीला धरून राहतो आणि सावली टाकत नाही. पण पित्ताशयच दिसत नसेल तर? मग आधी विचारायचं, ‘‘मावशी, सकाळी चहा-बिस्कीट घेतलंत का?’’ खाल्लं की पित्ताशय आकसतं. म्हणून तर सहा ते आठ तास उपाशी बोलावतात. दुसरा प्रश्न ऑपरेशनचा. दुर्बिणीने पित्ताशय काढलेलं असेल, तर पोटावरच्या बारीक खुणा पाहिल्या तरी उत्तर मिळतं. आणि तिसरी शक्यता सगळ्यात फसवी. पित्ताशय खड्यांनी इतकं गच्च भरलेलं असतं की पित्ताला जागाच उरत नाही. पडद्यावर फक्त एक उजळ रेघ आणि तिच्यामागे सावली. शेजारच्या ड्युओडेनममधली हवाही अशीच उजळ दिसते. फरक सावलीत असतो. खड्याची सावली स्वच्छ काळी, हवेची मळकट आणि रेघोट्यांची. एका ‘दिसत नाही’ मागे तीन निरनिराळी पोटं उभी असतात.

पित्तनलिकेत उतरलेल्या खड्याबाबत तर अनुमानाचाच आधार घ्यावा लागतो. नलिकेचं खालचं टोक बऱ्याचदा ड्युओडेनमच्या हवेमागे जातं. खडा दिसत नाही, पण वरचा भाग रुंदावलेला दिसतो. सहा मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा विद्यार्थी पाठ करतात. वय वाढलं किंवा पित्ताशय काढलं की नलिका थोडी रुंद असू शकते, हेही त्यांनी लक्षात ठेवावं. कावीळ आणि रुंद नलिका एकत्र असतील, तर ‘खडा नाही’ असं लिहिण्याचा अधिकार उरत नाही. पुढची तपासणी, बहुधा एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), सुचवावी लागते. मूत्रपिंडाचंही तसंच. ते नेहमीच्या जागी नसेल, तर जन्मतः नाही असं ठरवण्याआधी ओटीपोटात बघावं. वर चढायचं राहून गेलेलं मूत्रपिंड तिथे सापडतं.

अडथळा ओलांडण्याचा सगळ्यात सुंदर दाखला मला अपेंडिक्सचा वाटतो. हवेने भरलेली आतडी ही सोनोग्राफीची जुनी अडचण. नेदरलँड्समधले रेडिओलॉजिस्ट ज्युलियन पायलार्ट यांनी 1986 साली एक साधी रीत मांडली. दुखऱ्या जागी प्रोब हळूहळू, श्वासाच्या लयीने दाबत न्यायचा. निरोगी आतडं दबतं, हवा बाजूला सरते, प्रोब आणि अपेंडिक्समधलं अंतर घटतं. सुजलेलं अपेंडिक्स दबत नाही; सहा मिलिमीटरहून जाड, एका टोकाला बंद असलेली ती नळी उघडी पडते. नवं यंत्र लागलं नाही, लागला तो संयमी हात. तरीही सीकमच्या मागे दडलेलं अपेंडिक्स हुलकावणी देतंच. ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ आणि ‘अपेंडिक्स नॉर्मल आहे’ या दोन वाक्यांत एका रात्रीचा फरक असतो, आणि त्या रात्रीत ते फुटू शकतं.

काळ हाही उजेडाचाच भाग आहे. अपघातात पोटाला मार बसला, की यकृत आणि उजवं मूत्रपिंड यांच्यामधली मॉरिसन पाउच पाहतात. उताण्या माणसात वरच्या पोटातलं रक्त तिथे जमतं. पण थोडं रक्त दिसत नाही. म्हणून पहिल्या तपासणीत काही नसलं तरी जाणते डॉक्टर पुन्हा पाहतात.

उलट बाजूही आहे: जे तिथे नाही ते दिसणं. डायफ्रॅम आरशासारखा वागतो आणि यकृतातली गाठ छातीत असल्याचं दाखवतो. यंत्र खोटं बोलत नाही. ध्वनी सरळ रेषेत गेला आणि एकदाच परतला, असं ते धरून चालतं, एवढंच. न्यायशास्त्रातला हेत्वाभास, म्हणजे खऱ्यासारखा भासणारा खोटा हेतू, याहून वेगळा नाही, आणि तो ओळखायला शरीररचना पक्की लागते.

या विद्येच्या आरंभीच पोट होतं. ग्लासगोचे इयान डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन यांचा लेख 7 जून 1958 रोजी ‘लॅन्सेट’मध्ये आला, तो पोटातल्या गाठींविषयीच होता. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत एक स्त्री होती. जठराचा कर्करोग हाताबाहेर गेला आहे, असं तिचं निदान झालेलं होतं. ध्वनीने दाखवली ती अंडाशयाची प्रचंड, द्रवाने भरलेली गाठ. ती काढली आणि ती स्त्री बरी झाली. तिथे प्रतिध्वनीला वाट स्वच्छ होती, म्हणूनच त्या उत्तरावर शस्त्रक्रिया करता आली.

म्हणून शिकणाऱ्यांना विनंती आहे. ‘वायूमुळे स्वादुपिंडाची शेपटी दिसू शकली नाही’ ही ओळ कमीपणाची समजू नका. ती न संकोचता लिहा. आणि रिपोर्ट हाती पडणाऱ्या वाचकांनो, शेवटचा निष्कर्ष वाचून फाईल मिटू नका. वर कुठे ‘दिसू शकलं नाही’ असं लिहिलेलं असेल, तर त्या ओळीवर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा, की हे पाहण्याची गरज आहे का, आणि असेल तर कशाने पाहायचं.